मेलमधून आलेला व्हिडिओ चालत नाही? आधी काहीही इन्स्टॉल करू नका

ऑफिसात असो की नातेवाइकांत, ही तक्रार माझ्याकडे अगदी नेमाने येते: मेलमध्ये व्हिडिओ आलाय, क्लिक केलं तर चालत नाही. बहुतेक लोक तोवर दोन-तीन प्लेअर आणि एखादा संशयास्पद 'कोडेक पॅक' (व्हिडिओ वाचता येईल म्हणून टाकायचं सॉफ्टवेअर) टाकून मोकळे झालेले असतात. त्याची गरज क्वचितच पडते. बहुतेक वेळा व्हिडिओ धडधाकट असतो. दोष असतो तो मेलच्या आतूनच तो चालवायच्या हट्टात, नाहीतर पाठवताना झालेल्या गडबडीत. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या तपासण्या फुकट आहेत आणि मिनिटभरात होतात.

आधी लक्षण ओळखा

'चालत नाही' एवढ्याने काही कळत नाही. स्क्रीनवर नेमकं काय होतं ते बघा:

- क्लिक केल्यावर चक्र फिरत राहतं किंवा प्रिव्ह्यू उपलब्ध नसल्याचा संदेश येतो.
- आवाज येतो, पण चित्र काळं. कधी हिरवं, कधी चौकटी-चौकटींनी फाटलेलं.
- चित्र दिसतं, आवाज नाही.
- फाईल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही, असं प्लेअर सांगतो.
- व्हिडिओच्या जागी 'विनमेल.डॅट' नावाची किंवा एक्स्टेन्शनच (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, एमपी४सारखी अक्षरं) नसलेली फाईल दिसते.
- अटॅचमेंट नाहीच, एक लिंक आहे, आणि ती उघडली की परवानगी मागते.
- फोनवर चालतो, कॉम्प्युटरवर नाही.

पहिलं लक्षण असेल तर बहुधा पहिल्याच तपासणीत काम होईल. आवाज आणि चित्राची ताटातूट झाली असेल तर फाईल नीट पोचली आहे, तुमच्या प्लेअरला ती वाचता येत नाही. अशांनी मधलं सगळं सोडून थेट पाचव्या तपासणीकडे जावं. 'खराब आहे' हा संदेश मात्र फसवा असतो. अर्धवट उतरलेल्या फाईलला, अनोळखी फॉरमॅटला आणि खरोखर बिघडलेल्या फाईलला प्लेअर तोच एक संदेश दाखवतो.

१. आधी सेव्ह करा, मग उघडा

अटॅचमेंट डाउनलोड करून डेस्कटॉपवर किंवा एखाद्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथून उघडा. बस्स. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटताना मी पाहिल्या आहेत.

असं का, तर मेलमधून 'उघडा' म्हटल्यावर फाईल सरळ प्लेअरकडे जातेच असं नाही. जीमेलसारख्या वेबमेलमध्ये आधी त्यांचा स्वतःचा प्रिव्ह्यू समोर येतो, आणि त्याला मोजकेच प्रकार चालवता येतात. कॉम्प्युटरवरचं आउटलुक फाईल एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकून तिथून उघडतं. त्या फोल्डरची अडचण झाली की फाईल चांगली असूनही उघडत नाही. प्रिव्ह्यू फसला म्हणजे व्हिडिओ फसला, असं धरून चालू नका.

फोनवर अटॅचमेंटवर बोट ठेवून फाईल्समध्ये किंवा गॅलरीत सेव्ह करा. त्याआधी फोनमध्ये जागा शिल्लक आहे का ते बघा. जागा संपली असली की काही मेल ॲप धड सांगत नाहीत, नुसती डाउनलोड अर्धवट सोडतात.

'पण मजकुरातच, मेल उघडल्या उघडल्या चालायला हवा' असं म्हणणारे पाठवणारेही भेटतात. मेल प्रोग्राम संदेशाच्या आत काही चालू देत नाहीत ते मुद्दाम, सुरक्षेसाठी. मजकुरात बसवलेला व्हिडिओ ॲपल मेलसारखे थोडे प्रोग्राम चालवतात, बाकीचे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यावर तोडगा एकच: व्हिडिओतलं एक स्थिर चित्र टाका आणि त्याला लिंक द्या.

२. फाईलचा आकार पडताळा

सेव्ह करूनही चालत नसेल तर फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, आकार बघा आणि पाठवणाऱ्याला त्याच्याकडच्या फाईलचा आकार विचारा. ही तपासणी फुकट आहे आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत.

शून्य केबी असेल तर काहीच उतरलेलं नाही, पुन्हा डाउनलोड करा. दहा-वीस केबीच असेल तर तो व्हिडिओ नव्हे. बहुतेकदा एखादं लॉगिनचं किंवा चूक झाल्याचा संदेश देणारं वेबपेज व्हिडिओच्या नावाने सेव्ह झालेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडलं की एचटीएमएलचा (वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिचा) मजकूर दिसतो आणि उलगडा होतो.

आकार बऱ्यापैकी आहे, पण मूळ फाईलपेक्षा कमी आहे, तर डाउनलोड मध्येच तुटलंय. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही: अर्धी फाईल म्हणजे अर्धा व्हिडिओ नव्हे. एमपी४ आणि एमओव्ही फाईलमध्ये कुठलं दृश्य कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. कॅमेरे ती बहुधा रेकॉर्डिंग संपल्यावर, फाईलच्या शेवटी लिहितात. शेपूट तुटलं की अनुक्रमणिकाच गेली, मग नव्वद टक्के डेटा हाती असला तरी प्लेअर पहिला सेकंदही दाखवत नाही. अशा फाईलवर दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नका. मूळ फाईल पलीकडे शाबूत आहे, ती पुन्हा मागवा. शक्य असेल तर वायफाय बदलून किंवा केबल लावून उतरवा.

उलट, मेलच्या यादीत दिसणारा आकार सुमारे एक-तृतीयांशाने जास्त असेल तर घाबरू नका. मेल मुळात मजकुरासाठी बनलेली आहे. कुठलीही फाईल तिच्यातून जाताना बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलली जाते. तीन बाइटची चार अक्षरं होतात, वर ओळी तोडण्याचा थोडा भार, म्हणजे २० एमबीचा व्हिडिओ मेलमध्ये साधारण २७ एमबीचा होतो. काही मेल प्रोग्राम हा फुगलेला आकार दाखवतात. सेव्ह केल्यावर तो पूर्ववत होतो. '२५ एमबीची मर्यादा आहे, माझी फाईल तर २२चीच, मग परत का आली?' याचंही उत्तर हेच.

३. नाव आणि एक्स्टेन्शन

विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. ते दिसायला हवं. फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, विंडोज ११ असेल तर त्यातलं शो, आणि तिथे 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. हे फक्त फॉरमॅट कळण्यासाठी नाही. नावात एमपी४ दिसतं पण खरं शेपूट ईएक्सई किंवा एससीआर आहे, अशी फाईल व्हिडिओ नसून प्रोग्राम असते आणि ती तुमच्या भल्यासाठी पाठवलेली नसते. एचटीएमएल किंवा पासवर्ड लावलेली झिप 'व्हिडिओ' म्हणून आली असेल तरीही थांबा. पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. त्याच मेलला उत्तर देऊन विचारू नका, कारण खातं हॅक झालं असेल तर उत्तर देणाराही तोच चोर असेल.

आता निरुपद्रवी प्रकार. विनमेल.डॅट आली असेल तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल 'रिच टेक्स्ट' प्रकारात पाठवली आहे. व्हिडिओ त्या फाईलच्या पोटात आहे, पण इतर मेल प्रोग्रामना ते पोट उघडता येत नाही. ती उघडून देणारी साधनं मिळतात, पण ती कशाला शोधता? पाठवणाऱ्याला सांगा: आउटलुकमध्ये फाईल, ऑप्शन्स, मेल, आणि तिथे इंटरनेटवरच्या लोकांना पाठवताना रिच टेक्स्टचं एचटीएमएल करण्याचा पर्याय निवडा. त्याने एकदा बदललं की त्याच्याकडून ही तक्रार पुन्हा येत नाही.

ईएमएल फाईल आली असेल तर कोणीतरी आख्खी मेलच अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड केली आहे. ती मेल प्रोग्राममध्ये उघडा, व्हिडिओ आत असतो.

एक्स्टेन्शनच नसेल तर फाईलची प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडून फक्त पहिली ओळ बघा (फाईल मोठी असेल तर थोडा धीर धरा, आणि बंद करताना सेव्ह करू नका). पुढे बराच कचरा दिसेल, पण सुरुवातीलाच इंग्रजी एफ-टी-वाय-पी ही अक्षरं दिसली तर ती एमपी४ किंवा एमओव्ही घराण्यातली. आर-आय-एफ-एफ असेल तर बहुधा एव्हीआय. पी-के असेल तर झिप. त्याप्रमाणे एक्स्टेन्शन जोडा. मात्र एव्हीआयला नुसतं एमपी४ नाव दिल्याने फाईल एमपी४ होत नाही. नाव बदलणं आणि फॉरमॅट बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

४. ती अटॅचमेंट नसून लिंक असेल तर

हा भाग छोटा आहे, कारण इथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. जीमेल २५ एमबीवरच्या फाईलची आपोआप गूगल ड्राइव्हची लिंक करतं. पाठवणाऱ्याने परवानगी दिली नसेल तर तुम्हाला 'ॲक्सेस मागा' एवढंच दिसतं. ॲपलच्या मेल ड्रॉपची (मोठ्या फाईली लिंकने पाठवायच्या सोयीची) लिंक ३० दिवसांनी संपते, त्यामुळे जुन्या मेलमधला व्हिडिओ आज उघडत नसेल तर आधी मेलची तारीख बघा. नुकताच चढवलेला व्हिडिओ असेल तर ड्राइव्हला तो बघण्याजोगा करायला वेळ लागतो. तोवर प्ले होत नसला तरी डाउनलोड होतो. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती उघडी असतील तर भलत्याच खात्यातून लिंक उघडली जाते. प्रायव्हेट विंडो उघडून योग्य खात्याने लॉगिन करा.

५. दुसरा प्लेअर

आकार बरोबर, एक्स्टेन्शन बरोबर, तरी चित्र नाही? आता प्लेअरवर संशय घ्यायची वेळ आली.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नुसती पाकिटं आहेत. आतलं पत्र कुठल्या भाषेत आहे ते पाकिटावरून कळत नाही. ती भाषा म्हणजे कोडेक. एच.२६४ हा २००३चा कोडेक आज जवळपास प्रत्येक यंत्राला वाचता येतो. २०१३मध्ये आलेला एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, तितक्याच दर्जाचा व्हिडिओ बऱ्याच कमी जागेत बसवतो, पण तो सगळ्यांना वाचता येत नाही. 'त्याचा एमपी४ चालतो, हिचा एमपी४ चालत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच.

ॲपलने २०१७मध्ये आयओएस ११ आणलं तेव्हापासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन मूळ सेटिंगवर एचईव्हीसीमध्येच रेकॉर्ड करतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तसा पर्याय असतो. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला मात्र एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं वेगळं जोड-सॉफ्टवेअर लागतं (त्यालाही 'एक्स्टेन्शन'च म्हणतात, पण फाईलच्या नावाशी त्याचा संबंध नाही). काही कॉम्प्युटरवर ते कंपनीकडूनच टाकलेलं असतं, काहींवर थोडे पैसे भरून घ्यावं लागतं. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो तो यामुळे: आवाजाचा कोडेक ओळखीचा, चित्राचा अनोळखी. उलट प्रकार, म्हणजे चित्र आहे पण आवाज नाही, हा जुन्या फोनमधल्या ३जीपी फाईलमध्ये भेटतो. त्यातला एएमआर आवाज काही प्लेअरना कळत नाही.

पैसे भरण्याआधी व्हीएलसी हा प्लेअर वापरून बघा. तो मोफत आहे, बहुतेक सगळे कोडेक त्याच्या आतच असतात, आणि तो फक्त व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींतून नको. व्हिडिओ त्यात चालला तर टूल्समध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' उघडा. तिथे चित्राचा आणि आवाजाचा कोडेक लिहिलेला असतो. ते नाव टिपून ठेवा, पुढे लागेल. एव्हीआयची अनुक्रमणिका तुटली असेल तर व्हीएलसी ती दुरुस्त करू का असं स्वतःच विचारतो. मॅकवर क्विकटाइम प्लेअर एव्हीआय, डब्ल्यूएमव्ही आणि एमकेव्ही बहुधा नाकारतो. तिथेही व्हीएलसीच.

तीन गोष्टी टाळा. 'कोडेक अपडेट करा' म्हणणारी वेबपेज. विंडोजसाठीचं क्विकटाइम, कारण त्याचा सपोर्ट ॲपलने २०१६मध्येच थांबवला आणि त्यातल्या सुरक्षेच्या फटी तशाच राहिल्या. आणि फ्लॅश प्लेअर, जो ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे संपला. जुन्या मेलमधली एफएलव्ही फाईल फ्लॅशशिवाय व्हीएलसीमध्ये चालते.

चित्र हिरवं पडतं किंवा फाटतं, आणि तीच फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नीट चालते? मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गोंधळलाय. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम त्या कार्डाकडे देणं) बंद करून बघा. फरक पडला तर ड्रायव्हर अपडेट करा. दोन्हीकडे सारखंच फाटत असेल तर दोष फाईलमध्ये आहे.

६. पलीकडच्या टोकाला दुरुस्ती

एकाच माणसाचे व्हिडिओ वारंवार अडत असतील तर तुम्ही दरवेळी धडपडण्यापेक्षा त्याने एक सेटिंग बदलावं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'. बदल फक्त नव्या रेकॉर्डिंगला लागू होतो, जुने व्हिडिओ आहेत तसेच राहतात. फाईली मोठ्या होतील आणि ४के ६० फ्रेम्ससारखे पर्याय मिळणार नाहीत, हेही त्याला आधीच सांगा, नाहीतर ती तक्रार तुमच्याकडेच येईल. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'हाय एफिशियन्सी' अशा नावाचा पर्याय शोधून बंद करायचा.

'व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ चालतो की!' हे हमखास ऐकू येतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना त्याला दाबून, सगळीकडे चालेल अशा रूपात बदलून पाठवतं. दर्जा घसरतो पण चालतो. मेल काहीही बदलत नाही, मूळ फाईल जशीच्या तशी पोचवते. दर्जा महत्त्वाचा असेल तर हा मेलचा गुणच आहे.

झिप करून आकार कमी होईल ही आशा सोडा. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिप त्यातून नावापुरतंच काही काढते. २० एमबीच्या आसपास पोचलात की सरळ लिंक पाठवा.

७. फॉरमॅट बदलणं

पाठवणारा गाठता येत नाही, आणि व्हिडिओ तुम्हाला पुढे अनेकांना पाठवायचाय, तरच हा उद्योग करा. हँडब्रेक हा फॉरमॅट बदलून देणारा प्रोग्राम मोफत आहे. फाईल त्यात टाका, 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडा, फॉरमॅट एमपी४ ठेवा, आणि 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर खूण करा. त्या खुणेने मघाची अनुक्रमणिका शेवटून उचलून फाईलच्या सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरायच्या आधीच व्हिडिओ सुरू होऊ शकतो. बाहेर पडते ती एच.२६४ची फाईल. लांब व्हिडिओला जुन्या कॉम्प्युटरवर बराच वेळ लागतो.

मूळ फाईल पुसू नका. प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा जातो आणि तो परत मिळत नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर सोपे वाटतात, पण त्यात तुमचा व्हिडिओ परक्याच्या सर्व्हरवर जातो. घरातल्या मुलांचे, रुग्णांचे, ऑफिसच्या बैठकांचे व्हिडिओ मी तिथे कधीच टाकत नाही.

इथे थांबा

पाठवणाऱ्याकडेही मूळ फाईल चालत नसेल आणि दुसरी प्रत नसेल तर तुमचं काम संपलं. कॅमेऱ्याचं किंवा फोनचं मेमरी कार्ड वापरणं ताबडतोब बंद करायला सांगा. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की जुनं परत मिळण्याची शक्यता कमी होते. हे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे. मोफत 'रिपेअर' सॉफ्टवेअर चालवायचा मोह झालाच तर तो प्रतीवर, मूळ फाईलवर कधीच नाही.

सीसीटीव्हीतून काढलेली फाईल कुठेच उघडत नसेल तर ती बहुधा त्या रेकॉर्डरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहे. कंपनीचा प्लेअर मागा किंवा कॅमेरे बसवणाऱ्याला एमपी४मध्ये काढून द्यायला सांगा. तीच फाईल पोलिसांना, कोर्टात किंवा विम्यासाठी द्यायची असेल तर स्वतः रूपांतर करू नका, नावही बदलू नका. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा आणि वकिलाला किंवा तपास करणाऱ्याला विचारा.

ऑफिसच्या मेलवर प्रत्येक व्हिडिओ गायब होत असेल आणि त्या जागी अटॅचमेंट काढून टाकल्याची नोंद येत असेल, तर तो मेल सर्व्हरचा नियम आहे. आयटी विभागाला सांगा. अँटिव्हायरस बंद करून पळवाट काढू नका.

आणि व्हिडिओ समजून ईएक्सई उघडली गेली असेल तर पुढची कुठलीही तपासणी नको. नेटवर्क तोडा, कॉम्प्युटर तसाच ठेवा, जाणकाराला बोलवा, आणि दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून मेलचा व बँकेचा पासवर्ड बदला.

तज्ज्ञाकडे जाताना मूळ फाईल, रूपांतरित प्रत नव्हे, ती कुठल्या फोनवर किंवा कॅमेऱ्यावर रेकॉर्ड झाली त्याचं मॉडेल, दोन्ही टोकांचे आकार, आणि व्हीएलसीत मिळालं असेल तर कोडेकचं नाव, एवढं सोबत न्या. पहिला अर्धा तास तो हेच विचारण्यात घालवणार असतो.